मनगटावरची पिन

उस्तादांच्या गॅरेजात नियम एकच होता, पण तो मोडणाऱ्याला तिथे थारा नव्हता. टायमिंग चेन बसवताना टेन्शनरची पिन दोऱ्याने स्वतःच्या मनगटाला बांधायची. नसेल बांधायची तर हातपाय धुवायचे आणि घरी जायचं.

ही पिनेची भानगड आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, झाकणाच्या आत, एक चेन असते. सायकलला असते तशीच, पण चांगली जाडजूड. खाली पिस्टन हलवणारा क्रँक फिरतो, वर व्हॉल्व उघडणारा कॅम फिरतो, आणि ही चेन दोघांना एका तालात ठेवते. ताल चुकला की वरचे व्हॉल्व आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा जागच्या जागी निकाल लागतो. चेन सैल पडू नये म्हणून बाजूने टेन्शनर तिला रेटून धरतो. बसवताना मात्र तो दाबलेला ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या भोकात एक बारीक पिन खुपसायची. सगळं जुळलं की पिन उपसायची, टेन्शनर सुटतो, चेन ताठ होते, झालं काम. पण पिन उपसायची राहिली आणि वरून झाकण बसलं, तर चेन आत सैलच राहते. गाडी सुरू होते, चालतेसुद्धा, आणि मग कुठेतरी, बहुतेक नको त्याच ठिकाणी, दगा देते.

म्हणून तो दोरा. पोती शिवायचा निळा दोरा, हातभर लांब, एक टोक पिनेला आणि एक मनगटाला. पिन आत असेपर्यंत माणूस इंजिनाला बांधलेला. निघाली की मनगटावर लोंबते, आंधळ्यालाही दिसावी अशी. मनगटावर पिन दिसल्याशिवाय कुणी झाकणाला हात लावायचा नाही. गाडी गेली की ती पिन बेसिनशेजारच्या फळीवर खिळ्याला अडकवून ठेवायची. वर्षानुवर्षांच्या पिनांचा तिथे झुपका झाला होता.

हा नियम किती कडक, ते दादाला विचारा. दादा म्हणजे उस्तादांचा थोरला मुलगा. हात चांगला होता त्याचा, पण घाई नडायची. एकदा त्याने दोरा न बांधता टेन्शनर लावला आणि पिन आत राहिली. गाडी शेजाऱ्यांची होती, दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत खडखडायला लागली आणि तशीच परत आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण उस्तादांनी झाकण उघडलं, आतली पिन बघितली, दादाच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." पोटच्या पोराला, हो. आई मध्ये पडली, तिचं रडून झालं, अबोला धरून झाला, पण म्हातारा ढिम्म हलला नाही. पुढे दादाने टाइल्सचं दुकान टाकलं, त्यात त्याचं बरं चाललं, नातीच्या निमित्ताने बापलेकांचं बोलणंही सुरू झालं. गॅरेजचा उंबरा मात्र त्याने परत ओलांडला नाही. स्वतःची गाडी दाखवायला आणली तरी शटरच्या बाहेर फूटपाथवर उभा राहायचा, आणि आतली फरशी नुकतीच पुसली असावी तसा तिच्याकडे बघत राहायचा.

त्याची जागा त्याच्या बहिणीने घेतली. तिला घरात, गल्लीत आणि गॅरेजात सगळे धाकटीच म्हणत. हाताला ग्रीस लागलेली पोरगी बघून पूर्वी गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मग त्यांच्या गाड्या नीट चालायला लागल्या आणि नाकं सरळ झाली. उस्तादांनी तिला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही, पण आजकाल झाकण बसवायचं काम ते तिच्याकडे सोपवत. त्या घरात याच्यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

आई गेली आणि त्यानंतर कुठेतरी पाणी मुरायला लागलं. आधी उस्तादांचा चष्मा हरवायला लागला. चष्मा काय, कुणाचाही हरवतो. मग जेवणाचा डबा हत्यारांच्या कपाटात सापडला, त्यावर बापलेकी दोघं पोट धरून हसली. मग एक दिवस उघड्या इंजिनासमोर उभे राहून त्यांनी धाकटीला विचारलं की हे कशाला उघडलंय. सकाळी त्यांनी स्वतःच उघडलं होतं. धाकटी हसायला गेली, पण हसू काही आलं नाही.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. दादाला तर नाहीच. कारण त्याने एकदा सहज म्हटलं होतं की बाबांनी आता घरी बसावं, आणि तेवढ्यावरून तिने त्याला फाडून खाल्लं होतं. घरी बसावं म्हणजे काय करावं? भिंतीकडे बघावं? गॅरेज काढून घेतलं तर बाबांचं उरतं काय, हा प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडायचा. आणि त्यांचे हात अजून काही विसरले नव्हते, एवढंही तिला दिसत होतं. म्हणून ती मूग गिळून बसली. त्यांनी आवळलेला प्रत्येक बोल्ट त्यांची पाठ वळली की तपासायची, त्यांनी भरलेलं तेल परत बघायची, त्यांनी सांगितलेलं गिऱ्हाइकाचं काम परत गिऱ्हाइकालाच फोन करून विचारायची. वेळ मारून नेत होती बिचारी. फक्त एक गोष्ट ती तपासायची नाही, ती म्हणजे मनगटावरची पिन. तपासायचं काय त्यात? पिन मनगटावर दिसणं म्हणजेच तपासणी.

तर दादाची गाडी. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की इंजिनात काहीतरी खडखडायचं. दादाला घाट ओलांडून वहिनीच्या माहेरी जायचं होतं, सोबत वहिनी आणि त्यांची लेक, जिला सगळे चिमणी म्हणत. उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवून क्षणभर ऐकलं आणि चेन सैल झाल्याचा निकाल दिला. अशा इंजिनावर घाट चढू देणार नाही म्हणाले. मग बापलेकीने ते उघडलं.

त्या दिवशी उस्तादांचा हात बघण्यासारखा होता. पुढचा पट्टा, पुली, झाकण, एकेक भाग निघत गेला आणि निघाला त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडला गेला. चेन त्यांनी दोन बोटांवर आडवी धरली. नवी चेन ताठ राहते, ही वाकून खाली आली. तिला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे तुकडे झाले होते. ते त्यांनी फुटकी बशी जुळवावी तसे फडक्यावर जुळवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, एक तुकडा कमी आहे. धाकटीला सगळे तुकडे पुरे वाटत होते. त्यांनी तिला खालचं तेलाचं पात्र उतरवायला लावलं, आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर नखाएवढा तुकडा चिकटून बसलेला निघाला. तिथेच राहिला असता तर इंजिन तेलाविना तडफडून मेलं असतं. धाकटीचा जीव भांड्यात पडला, इंजिनासाठी नाही, बाबांसाठी. आपणच उगाच पराचा कावळा करतोय, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं, आणि खूप दिवसांनी तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायला घेतलं. या नव्या टेन्शनरचं भोक नेहमीपेक्षा बारीक होतं, फळीवरची एकही पिन त्यात जाईना. म्हणून धाकटीने सायकलच्या स्पोकचा तुकडा कापला, टोक घासलं, वर कडी वाकवली आणि नवी पिन केली. टेन्शनर दाबून तिने ती स्वतः खुपसली, दोरा बांधला, आणि दुसरं टोक बाबांच्या मनगटाला तिच्या नेहमीच्या दुहेरी गाठीने बांधलं. त्यांनी चेन चढवली. रंगीत कड्या खुणांसमोर आणल्या, परत बघितल्या, क्रँकला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. सगळं बरोबर जुळत होतं. धाकटी तिकडे पाठ करून झाकणाच्या कडा घासत होती.

बाहेर दादा घड्याळ बघत येरझारा घालत होता. चिमणी फूटपाथवरून दर थोड्या वेळाने आजोबांना हाक मारून झालं का विचारत होती, आणि आजोबा झालंच म्हणत होते. धाकटीने झाकणाच्या कडेला तेल गळू नये म्हणून सीलंट लावलं. ते पटकन सुकायला लागतं, मग थांबून चालत नाही. मागे बेसिनचा नळ वाहिल्याचा आवाज आला आणि बंद झाला. बाबा येऊन शेजारी उभे राहिले, आणि तिने विचारायच्या आधीच त्यांनी हात वर केला. मनगटावर निळा दोरा होता, दोऱ्याला पिन लोंबत होती. तिने झाकण बसवलं.

तेल भरून चावी फिरवली तेव्हा आतून खडखड आली. नवं काम असलं की येते थोडी, टेन्शनरमध्ये तेल पोचेपर्यंत. पण ही जरा जास्तच रेंगाळली. धाकटीने बाबांकडे बघितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि तेल चढतंय, चढेल, म्हणाले. दादाला तर तेवढंच पुरे होतं. ज्याला बापाने पिनेपायी हाकललं होतं त्याचा बापाच्या कामावर जेवढा विश्वास, तेवढा जगात कुणाचाच नसेल. चिमणीने मागच्या काचेतून हात हलवला आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

धाकटी आवराआवर करायला लागली. बाबा दाराशी खुर्चीत बसून चहा पीत होते. बेसिनमध्ये पाणी तुंबलं होतं म्हणून तिने जाळीत बोट घातलं, आणि हाताला निळा दोरा लागला. तिने तो ओढला. चांगला हातभर दोरा निघाला. एका टोकाला मनगटाएवढा फास होता, आणि त्यावर तिची दुहेरी गाठ. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. टोक ब्लेडने कापलेलं, अगदी साफ.

तिचं डोकं अजून कबूल करेना. तिने वळून बाबांकडे बघितलं. त्यांच्या मनगटावर दोरा होता. मग हा कुठला? ती त्यांच्याजवळ गेली, हात हातात घेतला. दोरा जुना, मळका, फळीवरचा. गाठ एकाच हाताने कशीबशी मारलेली. आणि त्याला लोंबणारी पिन जाड होती, खिळ्याची, फळीवरच्या कुठल्याही पिनेसारखी. बाबांनी विचारलं, काय गं, काय झालं? ती काही न बोलता गाडीतल्या नव्या टेन्शनरचं खोकं शोधायला गेली. त्यात गाडीतून निघालेला जुना टेन्शनर ठेवला होता, त्याच मापाचा. तो तिने आणला आणि बाबांच्या मनगटावरची पिन त्याच्या भोकाला लावली. ती तोंडाशीच अडली.

म्हणजे असं झालं होतं. चेन जुळली, पिन उपसायची तेवढी बाकी होती, आणि बाबांच्या डोक्यात मध्येच काहीतरी विझलं. हात धुवावेसे वाटले असतील, तहान लागली असेल. दोरा जाऊ देईना, तो कसला दोरा हेही आठवेना, म्हणून पिनेजवळ कापला. हात धुताना साबणाने निसरडा झालेला फास मनगटातून ओढून टाकला. मग समोर फळी दिसली, रिकामं मनगट दिसलं, आणि आयुष्यभराची सवय तेवढी जागी झाली. मनगटावर पिन हवी. त्यांनी एक घेतली आणि बांधली. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नसणार. आणि खरी पिन गाडीत होती, गाडीत चिमणी होती, आणि गाडी घाटाकडे निघाली होती.

धाकटीने फोन लावला. दादा उचलेना. वहिनीला लावला, तर संपर्क होईना. परत दादाला लावला. घाईत तो चुकून दुसऱ्याच कुणाला लागला आणि तिने तो कापला. घाटात चढावर इंजिनावर जोर येणार, सैल चेन चक्राच्या दात्यावरून उडी मारणार, आणि मग चालती गाडी एकदम बंद पडते. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो, आणि त्या रस्त्याला एका बाजूला दरी आणि मागे भरलेले ट्रक. हे सगळं तिला पाठ होतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना तीच तर भीती घालायची.

मग वहिनीने उचलला. स्पीकर लावलेला असावा, कारण मागून इंजिनाचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात खडखड होती, कुणी पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. धाकटीने गाडी थांबवायला सांगितलं. दादा म्हणाला, घाट लागलाय, मागे ट्रक आहे, वर जाऊन थांबतो. ती म्हणाली, आत्ता थांब. त्यावर तो चिडला. बाबा म्हणाले ना तेल चढतंय म्हणून, बाबांनी स्वतः बसवलंय, मग तू कशाला मध्येच जीव खातेस?

धाकटीने मागे बघितलं. बाबा खुर्चीतून तिच्याकडेच बघत होते, कपबशी मांडीवर धरून. इतके महिने जे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं ते आता त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

"दादा, पिन आत आहे."

पलीकडे खडखड ऐकू येत होती.

"मनगटावर होती की. मी बघितली," दादा म्हणाला.

"ती दुसरी होती. बाबांना आठवत नाही रे, दादा. बऱ्याच दिवसांपासून आठवत नाही."

मग इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, ट्रकचा लांबलचक हॉर्न आला, टायर खडीवर घासले, आणि खडखड थांबली. चिमणी विचारत होती की आपण पोचलो का. धाकटी तिथेच फरशीवर बसली. तिला रडू आलं, आणि ते सुटकेचं की लाजेचं ते तिला तेव्हा कळलं नाही.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, उतारावरून ओढत ओढत परत आणावी लागली. गॅरेजसमोर आल्यावर ती आत ढकलायची होती. दादाने मागून खांदा लावला आणि ढकलता ढकलता उंबरा ओलांडून आत आला. ते त्याच्या लक्षातही आलं नाही. वहिनीने चिमणीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून हातात बिस्किटाचा पुडा दिला, आणि स्वतः तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

धाकटीने झाकण उघडलं. सैल चेनने नवी पट्टी खरवडून टाकली होती, झाकणाच्या आतल्या अंगाला घासून चर पाडला होता. आणि ती एका दात्याने सरकलीच होती. आणखी एक दाता, की संपलं असतं. टेन्शनरच्या भोकात पिन तशीच होती, तेलाने काळी झालेली, कडीला निळ्या दोऱ्याची गाठ.

उस्ताद उठून आले. चष्मा लावला, टॉर्च घेतला, आत वाकून नीट बघितलं. 

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

धाकटीने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माझं, बाबा."

त्याने ते इतक्या सहज म्हटलं की जणू ते उत्तर इतकी वर्षं त्याच्या खिशातच होतं. उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनाच राग चढला. तुला किती वेळा सांगायचं, दोरा बांधायला हात झडतात का तुझे, कुणाचं लेकरू असतं गाडीत, असं त्यांनी सुरू केलं. दादा मान खाली घालून ऐकत होता. त्याला ते नवीन नव्हतं. वहिनीला मात्र राहवेना, तिने पदराने डोळे टिपले.

धाकटीला आयती सुटका मिळाली होती. गप्प बसली असती तर खापर दादाच्या डोक्यावर फुटलं असतं, जिथे ते आधीच एकदा फुटलं होतं, आणि सगळे घरी गेले असते. उद्या बाबांनी दुसऱ्या कुणाची तरी गाडी उघडली असती. तिने चिमणीकडे बघितलं. चिमणी बिस्किटाचे काठ कुरतडत होती आणि आजोबा का ओरडतायत ते तिला कळत नव्हतं.

"दादाचं नाही," धाकटी म्हणाली. "तुमचं, बाबा."

उस्ताद आधी हसले. मग त्यांनी मनगट वर करून तिला पिन दाखवली. ही काय, बघ की. धाकटीने पक्कड घेऊन टेन्शनरमधली पिन उपसली. कट्‌ आवाज करून टेन्शनर सुटला आणि चेन ताठ झाली. ती पिन तिने बाबांच्या तळहातावर ठेवली, आणि दुसऱ्या हातात जुना टेन्शनर दिला. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण भोकाशी वाद घालणारा माणूस तो नव्हता, हे तिला माहीत होतं.

त्यांनी मनगटावरची पिन भोकाला लावली. जाईना. उलटी करून लावली. जाईना. मग तळहातावरची स्पोकची पिन लावली, ती अलगद आत गेली. त्यांनी ती बाहेर काढली, परत घातली, परत काढली. कडीवरची गाठ अंगठ्याने चाचपली.  मनगटावरची गाठ सोडायला गेले, बोटांना सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. दोन्ही पिना फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. खिशातला पाना काढून पिनांजवळ ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

कुणाकडे बघून म्हटलं नाही त्यांनी. स्वतःच्या हातांकडे बघत होते. दादाने तोंड फिरवलं. उस्ताद बेसिनपाशी गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, चिमणीने त्यांचं बोट धरलं आणि आजोबा-नात घरी गेली. त्या रात्री घरात कुणी फारसं जेवलं नाही. दादा बहिणीला एवढंच म्हणाला की तू एकटीने इतके दिवस हे कशाला अंगावर घेतलंस. 

सकाळी ती लवकर निघाली. नवी पट्टी आणायची होती, दादाची गाडी पुरी करायची होती. बाबांचं अंथरूण घडी घातलेलं दिसलं, तिला वाटलं फिरायला गेले असतील, आणि मनात म्हणाली की बरं झालं. कोपऱ्यावर आली तेव्हा तिला गॅरेजचं शटर अर्धं उघडं दिसलं.

उस्ताद आत होते. धुतलेला शर्ट, बाह्या दुमडलेल्या, चष्मा जागच्या जागी. दादाच्या गाडीची चेन त्यांनी उतरवून पुसून पांढऱ्या फडक्यावर मांडली होती, शेजारी दात्यांचं चक्र, शेजारी टेन्शनर, सगळं निघालं त्या क्रमाने, एक भाग इकडचा तिकडे नव्हता. तिला बघून ते खुशीत दिसले. उशीर झाला म्हणून रागावले थोडेसे.

मग त्यांनी फडक्यावरची खरवडलेली पट्टी उचलून तिला दाखवली.

"हे बघ. कुणीतरी पिन आत ठेवून झाकण लावलं होतं. असल्या माणसाला परत इंजिनाला हात लावू देऊ नये."

एवढं बोलून त्यांनी निळ्या दोऱ्याचं रीळ तिच्यापुढे धरलं आणि मनगट पुढे केलं.

"चल, बांध."

धाकटीने रीळ त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. आता तिला कालचं सगळं त्यांना परत पहिल्यापासून सांगायचं होतं.